खेकडीची नांगी आणि मी

मित्रांनो, करडी गावात तेजरामच्या गोठ्यात शिरलात की डाव्या हाताला खुंटीवर एक वाकड्या तोंडाची, गंजलेली सांडशी दिसेल. ती मी. जुनी आहे, पण माझी कीव करू नका. कीव मला सोसत नाही. माझ्या जबड्यात काहीतरी काळपट, वाळकं अडकलेलं आहे. लहान पोरांना ते लाकूड वाटतं. ते लाकूड नाही, खेकडीची नांगी आहे. ती तिथं कशी आली ते ऐका आणि मग जा.

माझा जन्म मार खाऊनच झाला. मोडक्या बंडीच्या चाकाची लोखंडी धाव नत्थू लोहारानं भट्टीत लाल केली, ऐरणीवर धरली आणि घणाखाली घातली. मी किंचाळले तसं त्यानं आणखी हाणलं. तापलेल्या अंगानिशी पाण्यात बुडवलं. मग दोन पाय एका खिळ्यावर जोडले आणि मला तोंड मिळालं. तेव्हापासून मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

माझी मालकीण धुरपताबाई मला न्यायला आली तेव्हा म्हणाली, "नत्थू, हिची पकड ढिली निंघाली तं तुह्याच नाकाले लावून पाहीन."

नत्थू हसला. "बाई, हे एकदा धरन तं सोडणार नाही. तुमच्यावरच गेली आहे."

खरं सांगते, मला ती तारीफच वाटली. धुरपताबाईच्या चुलीवर मी किती वर्षं राबले! उकळत्या पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, असो, तापल्या दुधाचं भांडं असो, चुलीतला लाल निखारा असो, मी पुढे व्हायची आणि तिची बोटं मागे राहायची. माझ्या हातून एक गंज कधी सांडला नाही. शेजारची कुंताबाई मला मागायला यायची, तर धुरपताबाई सांगायची, "नवरा माग, देईन. सांडशी नाही." नवरा तर बिचारा कधीचाच वारला होता.

त्या नवऱ्याची एक खूण मात्र शेतात होती, ती म्हणजे बोडी. आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. नवरा खोदायचा आणि नवी नवरी धुरपता डोक्यावरून माती वाहायची. त्या मातीची पाळ अजून उभी होती. पण मुलगा तेजराम मोठा झाला आणि त्याच्या डोळ्यांत ती बोडी खुपू लागली.

"माय, त्या बोडीत का पिकते? बेडकं!" तो म्हणाला. "दसरा झाला का पाळ फोडतो अन् बोडी बुजवतो. धानाच्या दोन बांध्या निंघतात तिथं."

"पाळीले हात लावशीन तं हात तोडीन. त्या बोडीत मी मासोळी पाळून दाखवीन."

"दसऱ्यापर्यंत सोड मासोळी. नाही सोडली तं फोडीन."

"फोड मंग. मी तोंड उघडणार नाही."

"तू? अन् तोंड उघडणार नाही?" तेजराम हसला. "मंग तं फोडाच लागते."

झालं. मायलेकांची पैज लागली. आणीबाणी उठली त्याच साली पावसाळ्यात सून बेबी लाखांदूरकडच्या आपल्या माहेराहून मासोळीचं बीज घेऊन आली. हवा भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी तिनं एसटीत सारी वाट मांडीवर धरली होती. आत पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळत होती.

"आत्याबाई, यायले आताच बोडीत नका सोडू," बेबी म्हणाली. "बोडीत मरळ आहे, एका घासात गिळन. विहिरीजवळच्या टाक्यात ठेवू. बोटाएवढी झाली का मंग बोडीत."

बोटाएवढ्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. म्हशीचं पाणी प्यायचं सिमेंटचं टाकं घासून पुसून त्यांच्यासाठी मोकळं केलं. म्हैस रुसली, पण तिला विचारतं कोण?

आता धुरपताबाईची अक्कल ऐका. ती म्हणाली, उघड्या टाक्यात पोरं भाजतील, त्यांना सावली पाहिजे, चरायला शेवाळ पाहिजे. बोडीत मोहाचा एक जुना ओंडका बुडालेला होता. हिरवागार, पोकळ, भोकाभोकांचा. तो तिनं दोरी लावून ओढून आणला.

"आत्याबाई, आधी हे झोडपून घेऊ. एक दिवस उन्हात टाकू," बेबी म्हणाली.

"उन्हात शेवाळ वाळन, मंग पोरं का तुह्यं डोस्कं खातील? बोडी तुह्या बापानं खोदली का माह्या नवऱ्यानं?"

ओंडका धप्पकन टाक्यात पडला. शाळेत न जाताही माणूस शहाणा असतो, मित्रांनो, पण शहाणपणाला गुर्मी चढली की त्याचा ओंडका होतो. आत काय बसलंय ते त्याला कळत नाही.

पिल्लं वाढू लागली, आणि कापलीही जाऊ लागली. सकाळी टाक्यावर अर्धी पिल्लं तरंगायची. अर्धी म्हणजे निम्मी नव्हे, अर्धी कापलेली. कुणाचं डोकंच नाही. कुणाची शेपटी तेवढी उरलेली. एकाचं पोट फाडलेलं आणि तरी कल्ले हलत होते. बेबी ते तुकडे ओंजळीत घेऊन रडली. तेजराम पाळीकडे बघून म्हणाला, "फावडं घासून ठेवू का?"

धुरपताबाई आधी खंड्या पक्ष्यावर बिघडली. टाक्यावर जाळं ताणलं. मरण थांबलं नाही. मग तिनं कुंताबाईला धरलं. टाक्यावर लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधला आणि अंगणातूनच ओरडली, "कुणाची दृष्ट लागली मले ठाऊक आहे वो!"

कुडापलीकडून उत्तर आलं, "माही दृष्ट एवढी कडक असती तं तू एवढी वर्सं जितीच कशी राहिली?"

शेवटी बेबीनंच पाहिलं. दुपारी टाक्याशी ती न हलता बसून होती. ओंडक्याच्या भोकातून एक नांगी बाहेर आली, तिनं जवळून जाणाऱ्या पिल्लाला कमरेत पकडलं, कचकन दोन तुकडे केले आणि एक तुकडा आत ओढून नेला.

"खेकडे! आत्याबाई, ओंडक्यात खेकडे आहेत!"

"माह्या ओंडक्यावर आळ घेऊ नको," धुरपताबाई म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता.

तरी ओंडका काढायला ती तयार होईना. काढला तर चूक कबूल झाली असती. तिनं एक अरुंद तोंडाचं मडकं आणलं, आत सुक्या मासळीचं मुंडकं टाकलं आणि टाक्यात तिरपं बसवलं. वासाला खेकडे आत उतरायचे आणि गुळगुळीत मडक्यातून त्यांना वर चढता यायचं नाही. सकाळी मडकं उपडं केलं की माझं काम सुरू. एकाला पाठीवर धरलं, दाबलं, कवच फुटलं, पिवळं पाणी उडालं. दुसऱ्यानं माझ्या जबड्यात आपला पाय सोडला आणि पळाला. खेकड्याची ही रीत असते. अवयव देईल, जीव देणार नाही. त्याला मी विहिरीच्या कठड्याशी गाठलं आणि चेचलं. उरलेले पाय बराच वेळ खाजवत राहिले. मला मजा वाटली नाही आणि वाईटही वाटलं नाही. ज्यानं पोरांची पोटं फाडली त्याचं पोट मी फाडत होते.

लहानसहान खेकडे बहुतेक असे संपले. कापाकापी मात्र सुरूच राहिली. मडक्याच्या तोंडात मावणार नाही असं कुणीतरी अजून ओंडक्यात बसलं होतं. दसरा जवळ आला. बोटुकली होऊ पाहणारी थोडीच पिल्लं उरली होती आणि तीही एका कोपऱ्यात अंग चोरून होती. त्या दिवशी धुरपताबाई टाक्यात बराच वेळ पाहत राहिली. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "काढा तो ओंडका."

तेजरामनं आणि बेबीनं ओंडका उचलून अंगणात टाकला. धुरपताबाईनं गंजभर पाणी मूठ-मूठ मीठ टाकून चुलीवर उकळलं. तो जळता गंज मीच उचलून नेला. पाणी भोकात ओतलं तसा ओंडका आतून खडबडला. दोन लहान खेकडे उडी मारून बाहेर आले. तेजरामनं एक चपलेखाली चिरडला, दुसरा कोंबडीनं पळवला. आणि मग ती निघाली.

तळहाताएवढी खेकडी. पाठ भाजलेली. दोन्ही नांग्या वर. पोटाखालच्या झाकणीत मुंगीएवढी पिल्लं गच्च भरलेली.

तेजराम थबकला. "माय, पिल्लं आहेत तिच्या पोटाशी. बोडीत टाकून देऊ."

"माह्या पोरायचे तुकडे केले तवा कोणी म्हटलं का, टाकून देऊ?"

धुरपताबाईनं मला उघडलं आणि झडप घातली. मी खेकडीची एक नांगी मुळाशी धरली. दुसरी नांगी तिनं धुरपताबाईच्या डाव्या अंगठ्यात रुतवली. रक्ताची धार लागली.

"माय, सोड तिले! सोड!" तेजराम ओरडला.

"ते सोडन तवा मी सोडीन."

दोघींपैकी कोणी सोडीना. हाडावर नांगी घासल्याचा आवाज मी ऐकला आहे. धुरपताबाईनं ओठ चावला आणि सारं बळ माझ्यावर टाकलं. माझा खिळा करकरला, तोंड वाकलं आणि नांगी मुळापासून उखडली. तेजरामनं धोंडा उचलला आणि खेकडीच्या पाठीवर घातला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घातला तेव्हा अंगठा सुटला. पिल्लं अंगणभर सांडली आणि कोंबड्यांनी ती टिपून खाल्ली.

बेबीनं अंगठ्याला हळद दाबली. धुरपताबाई त्या चेंदामेंद्याकडे बघत म्हणाली, "बोडीत सुखानं होती बिचारी. मीच घरी आणली अन् मीच मारली." इतकंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि काढायची गरजही नव्हती.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर उरलेल्या बोटुकल्या बोडीत सुटल्या. गंज तेजरामनंच डोक्यावर नेला. पुढल्या उन्हाळ्यात बोडी आटू लागली तेव्हा हातभर लांबीचा रोहू निघाला. धुरपताबाईनं मुलाच्या ताटात वाढला आणि विचारलं, "बेडूक कसं लागलं?"

तेजराम खाली मान घालून म्हणाला, "वाढ अजून."

पाळ आजही उभी आहे. धुरपताबाईचा अंगठा मात्र वाकडा राहिला आणि माझं तोंडही. गंज धरवेना तेव्हा तिनं मला नांगीसकट इथं टांगलं, बोडीकडे तोंड करून. पुढे घरात भंडाऱ्याच्या बाजारातून चकचकीत स्टीलची पकड आली. वर्षाला एकदा धुरपताबाई माझ्या खिळ्यात तेलाचं बोट फिरवायची. मग ती गेली आणि तेलही गेलं. एकदा भंगारवाल्यानं मला खुंटीवरून काढलं तेव्हा तेजरामनं त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. "ते राहू दे. ते मायचं आहे." त्यानं मला परत टांगलं, पण तेल लावायचं त्याला सुचलं नाही. पुरुषांना अर्धंच सुचतं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. बाहेरची वस्तू घरच्या पाण्यात टाकण्याआधी झटका, झोडपा, उलटी करून बघा. आत कोणी बसलं असेल तर त्याला त्याच्या जागी सोडून या. दया करायची ती तेव्हाच करायची असते. नंतर फक्त धोंडा उरतो. आणि कधी करडीला आलात तर माझ्या खिळ्यावर दोन थेंब तेल सोडा. जबडा पुसा, गंज खरवडा. नांगी मात्र ओढू नका. ती मी सोडणार नाही.