चिकटवलेले दहा

आमच्या भिंगरीला दुसरीतून उठवून परत पहिलीत बसवायचं हेडमास्तरांनी ठरवलं, आणि माझ्या लेकानं ते मला जेवताना सांगितलं. मीठ मागावं इतक्या सहज.

"तिला वजाबाकी जमत नाही, आई. सर म्हणतात, डोकंच चालत नाही तिचं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? ते शिकलेले आहेत."

सुतारकाम करतो माझा लेक. काम चोख. पण खिशाला पेन लावलेला माणूस समोर आला की याची मान आपोआप खाली. बापावर गेलाय. सुनेला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून सकाळी मीच नातीचा हात धरला आणि शाळा गाठली. वाटेत पोरगी चकार शब्द बोलली नाही. एरवी तिला गप्प बसवायचं तर लाच द्यावी लागते.

हेडमास्तर वर्गातच भेटले.

"या आजी, बसा."

"मी हिची आजी, तुमची नाही. काय विचारायचं ते हिला माझ्यासमोर विचारा."

मी चौथीही धड केलेली नाही. मला गणित तपासायचं नव्हतंच, नातीचं तोंड बघायचं होतं. भिंगरीच्या बाई, कालपरवा नोकरीला लागलेली कोवळी पोर, पुढे झाल्या. हल्ली म्हणे गणित हातानं शिकवतात. आइस्क्रीमच्या काड्या घ्यायच्या, दहांचा एक गठ्ठा रबर लावून बांधायचा, लागेल तसा सोडायचा. मला पटलं. हातात आल्याशिवाय मलाही काही कळत नाही.

बाईंनी टेबलावर तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "बत्तीस झाल्या. यातल्या सात मला दे बघू."

भिंगरीनं दोन सुट्या दिल्या. मग एक गठ्ठा उचलला, रबर काढलं आणि कडेच्या काडीला नख लावून ओढायला लागली. ओढते आहे, ओढते आहे. कान लाल झाले. शेवटी गठ्ठा टेबलावर ठेवून खाली मान घालून बसली.

"बघितलंत?" हेडमास्तर म्हणाले. "रोज हेच. दोन देते आणि बसून राहते."

"का गं?"

"आजी, सुटतच नाही."

मी गठ्ठा हातात घेतला. रबर काढलेलं, तरी काड्या ठोकळ्यासारख्या घट्ट. नाकाला लावला. सरसाचा वास! सुताराघरच्या त्या वासात माझा उभा जन्म गेलाय.

"हे चिकटवलं कोणी?"

बाई जमिनीकडे बघायला लागल्या. हेडमास्तरांना मात्र अभिमान वाटला. "काड्या हरवत होत्या हो. साहित्य टिकायला नको? तुमच्याच मुलाकडून गठ्ठे पक्के करून घेतले. काय काम करतो! एक काडी हलत नाही."

"मग बाकीची पोरं कशी करतात?"

"फळ्यावरची उत्तरं पाठ करतात."

म्हणजे सगळ्या वर्गात जिनं गठ्ठा खरंच उघडायला घेतला, तीच मठ्ठ! माझं डोकं सटकलं. गठ्ठा उचलला आणि टेबलाच्या कडेवर हाणला. दोनदा. काड्या फरशीभर उधळल्या.

"अहो, शाळेचं साहित्य आहे ते!"

"मग शाळेला वापरू द्या!"

भिंगरी गुडघ्यांवर बसून काड्या गोळा करत होती. पाच मोजून बाईंच्या हातात दिल्या. उरलेल्या टेबलावर मांडल्या. हेडमास्तर तिच्या डोक्यावरून वाकले. "सहा उरल्या. दोन गठ्ठे धरून सव्वीस. चुकलंच की!"

पोरीनं त्यातले दोन तुकडे उचलले आणि मोडलेली टोकं एकमेकांना लावली.

"ही एकच आहे, सर. आजीनं मोडली. पंचवीस."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी बाईंकडे वळले. "आणि तुम्ही हो? तुम्हाला दिसत नव्हतं? तोंडात काय बोळा कोंबला होता?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला.  त्यांनी दुसरा गठ्ठा घेतला आणि माझ्यापेक्षा जोरात टेबलावर आपटला. मग काय विचारता! पोरं गठ्ठ्यांच्या कपाटाकडे धावली. जो तो गठ्ठा आपटतोय. हेडमास्तर "अरे, अरे" करत मध्ये नाचतायत.

"ही इथंच बसेल, सर," त्या गोंगाटात बाई म्हणाल्या.  "माझ्या वर्गात."

"बघू," हेडमास्तर म्हणाले.

"बघू नाही," मी म्हणाले. "बसली. बघून घ्या."

एक गठ्ठा मी पदराखाली घेऊन निघाले. सरळ लेकाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये. तो रंधा मारत होता. गठ्ठा त्याच्या पुढ्यात आदळला.

"हे कशाला असतं, एकदा तरी विचारलंस?"

"आई, सरांनी सांगितलं..."

"सरांनी पोरीचे हात चिकटवायला सांगितले असते तर तेही केलं असतंस?"

त्यानं रंधा बाजूला ठेवला. गठ्ठा घेतला.  मग कडेच्या काडीला नख लावून ओढायला लागला. सकाळी त्याची पोर ओढत होती ना, अगदी तस्साच.

"ओढ," मी म्हणाले. "ओढ आता."