फ्रिजमधलं दूध

रुग्णालयाच्या मागच्या आवारात बाबांनी आपली घरगाडी उभी केली, तेव्हा ते लेकीला म्हणाले होते, "इथंच चूल, इथंच बिछाना आणि बाळ हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं?" बाळ सातव्या महिन्यातच जन्माला आलेलं, वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं. जावई बोटीवर, भर समुद्रात. लेक यंत्रानं दूध काढायची, इवल्याशा बाटल्यांत भरून गाडीतल्या फ्रिजच्या बर्फखान्यात ठेवायची. काळजीनं तिचं दूध आटत चाललं होतं, त्यामुळे त्या बाटल्यांत तिचा सगळा जीव अडकलेला.

त्या सकाळी तिनं फ्रिज उघडला आणि बर्फखान्यातली एक बाटली हातात घेतली.

"बाबा... हे कोमट लागतंय."

बाबांनी जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेल्या. "थांब, घाबरू नकोस," म्हणत ते गुडघ्यांवर बसले. आतला दिवा लख्ख जळत होता. काल पाणी घेतानाही तो जळतच होता, म्हणून तर त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. पण दिवा चालतो गाडीच्या बॅटरीवर. गारवा येतो तो खांबावरून घेतलेल्या विजेवर, नाहीतर गॅसवर. त्यांनी मीटर लावला. बॅटरी ठणठणीत, फ्रिजच्या प्लगमध्ये मात्र वीज नाही. केबल धरून ते खांबापर्यंत गेले. तिथला खटका पडलेला. वर केला, पुन्हा पडला. केबलचं टोक उपसलं, तर पिना काळ्याठिक्कर आणि प्लास्टिक वितळून त्याचा गोळा झालेला.

"पण वीज गेली की फ्रिज आपोआप गॅसवर जातो ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

बाबांनी सिलिंडरकडे पाहिलं. पोर दमून मेल्यासारखी झोपते, गॅस गळला तर कळायचंही नाही, म्हणून सिलिंडरचा कॉक त्यांनीच बंद करून टाकला होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"मी बंद केलाय तो, पोरी."

ती बाटल्या बाहेर काढू लागली. तिनं चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

बाबा नर्सबाईंना विचारून आले. "तळाची एखादी तरी चालेल का हो?" असं त्यांनी दोनदा विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, मूठभर जीव आहे तो. नका धोका घेऊ."

लेकीनं एकेक बाटली मोरीत ओतली.

"दे, मी ओततो."

"नको. हात नका लावू."

बाबांनी नवा प्लग आणून जोडला. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. फ्रिजवरचा हिरवा दिवा लागला. दुपार टळली तेव्हा कुठं आत हात घातल्यावर जरासं गार वाटू लागलं, आणि ठेवायला काही नव्हतं.

वरून निरोप आला, बाळाला डब्याचं दूध दिलं, ते त्यानं उलटून टाकलं.

लेक यंत्र लावून बसली. बराच वेळ नुसती घरघर. शेवटी बाटलीचा तळ कसाबसा ओला झाला. तिनं झाकण लावून ती बापापुढे धरली. "एवढंच आहे. ताजं आहे म्हणून सांगा."

बाबा जिना चढू लागले. तळहाताची ऊब लागू नये म्हणून त्यांनी बाटली फक्त झाकणाला, दोन बोटांत धरली होती.