टाकीतलं खोबरेल

"थूः!" करमअली बाजूच्या मातीत थुंकला. "ही तपासणी झाली तुजी? टायरला लाथ मारलीस, हात जोडलेस, आन झालं? देव येणार हाय काय नट आवळायला?"

सदू बसच्या पुढच्या चाकापाशी उभा राहून दात काढत होता. त्यानं बोनेटवर झेंडूचं फूल ठेवलं होतं, स्टिअरिंगला उदबत्ती ओवाळली होती. चाकाच्या नटांना मात्र हातोडी लावली नव्हती.

"नट कालच ठोकलेत, उस्ताद."

"काल जेवलास ना? मग आज कशाला भाकर बांधून आणलीस?"

करमअलीला या शिकाऊ ड्रायव्हरांचा वीट आला होता. सव्वीस वर्षं त्यानं गाडी हाकली होती. लढाईच्या दिवसांत, पेट्रोल मिळेना तेव्हा, कोळशाच्या गॅसवर चालणारी धुरकट धूडंसुद्धा हाकली होती. आता दोन वर्षं अलिबागच्या डेपोत तो नव्या लोकांना शिकवत होता, आणि एकेक नग बघून त्याला शिसारी येत होती. कुणी तंबाखू चोळत ब्रेक दाबून बघायचा, कुणी गाडीखाली न वाकताच 'ठीक' म्हणायचा. हाताला ग्रीस लागेल म्हणून भितात मेले, आणि चाळीस माणसांचा जीव हातात घ्यायला निघालेत!

त्याचा नियम साधा होता. हात लावल्याशिवाय ठीक म्हणायचं नाही. रोज सकाळी तो शिकाऊंना रांगेत उभं करून आधी माणसाची तपासणी सांगायचा, मग गाडीची. "रात्री झोप झाली काय? तोंडाला वास येतोय काय? डोळे साफ हायेत काय?" हे तिसरं तो जरा घाईनं म्हणायचा. म्हणायचा आणि लगेच चाकांकडे वळायचा.

कारण त्याचे डोळे साफ नव्हते. डावा तर दीड वर्षापासून दुधाळ झाला होता, उजव्यावरही साय धरू लागली होती. दर जानेवारीत डॉक्टर सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे बघायचा, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायचा. करमअलीला इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यानं तो सगळा तक्ता पाठ केला होता. त्याची बायको आबिदा रोज संध्याकाळी त्याच्याकडून घोकून घ्यायची, आणि घेताना तोंड फिरवून बसायची. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. तेवढं निभावलं म्हणजे 'उस्ताद' म्हणूनच घरी जाता आलं असतं. त्याआधी कुणाला कळलं, तर गाडीवरून उतरवतील आणि आंधळा म्हणून बोट दाखवतील. या एका भीतीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"चल, धर्माजी. तू कर आता," तो म्हणाला. "ब्रेकपास्न सुरू कर. ही गाडी नवाला पोयनाडला सुटायची हाय. कार्ले खिंडीतनं जाणार हाय, ध्यानात ठेव."

धर्माजी तिशीचा, आतल्या गावातला भातशेतीवाला. कालपरवापर्यंत बैलगाडी हाकत होता. बोलायला मंद, पण करमअलीच्या लेखी या सगळ्या गाळात तोच एक माणूस होता. त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलली, ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि आत बोट घातलं. बराच वेळ तो तसाच ओणवा राहिला.

"काय रे? बोट अडकलं?"

"उस्ताद, तेल गोठलंय."

"ब्रेकचं तेल गोठतं कवा, गाढवा? हट बाजूला!"

डिसेंबरची सकाळ, गारठा चांगलाच होता. करमअलीनं टाकीत डोकावून बघितलं. त्याला नेहमीसारखंच धुकं दिसलं. मग त्यानं बोट घातलं. बोटाला तुपासारखा घट्ट गोळा लागला. नाकाशी नेला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोबरेल! या अल्ला! ब्रेकमधी खोबरेल!" तो ओरडत खाली उतरला. "कुनी घातलं? कुना हरामखोरानं घातलं? रबरं फुगतात या तेलानं, कळतं काय? खिंडीच्या उतारावर पाय दाबला असता, आन गाडी गेली असती माणसं घेऊन खाली!"

सदूचे दात एकदम झाकले गेले. धर्माजी खाली मान घालून उभा राहिला.

"काल सांजचं तेल घातलं तवा तू व्हतास ना? बोल!"

"व्हतो."

"मग? तू घातलंस?"

"न्हाय."

"मग कुनी? तपासनीत खोटं बोलायचं न्हाय, काय शिकवलंय मी?"

धर्माजीनं वर बघितलं.

"तुमीच घातलंत, उस्ताद. मी नरसाळं धरलं व्हतं. फळीवर दोन बाटल्या व्हत्या, त्यातली एक तुमच्या डोक्याच्या तेलाची. ती उचललीत. मला वास आला व्हता."

करमअलीला आठवलं. तुम्हां रेड्यांवर माझा भरवसा नाही, असं म्हणत त्यानं स्वतःच बाटली ओतली होती. दुपारच्या उन्हानं तेल पातळ झालेलं. दोन्ही बाटल्या त्याला सारख्याच दिसल्या होत्या.

"वास आला तर तवाच का न्हाय बोललास?"

"पास-नापास तुमच्या हातात. घरची शेती भावांनी वाटून घेतली, मला ही नोकरी पायजेच हाय. वाटलं, उस्तादाला कोन सांगणार? रातभर डोळा लागला न्हाय. सकाळी सांगीन म्हटलं, तर तुमी सदूवर खवळलेले."

करमअलीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात वर गेलासुद्धा, आणि तिथंच थांबला. या माणसाला गप्प बसायला शिकवलं कुणी? त्यानंच. शिव्या घालून घालून. त्याला किळस आली. सदूची नाही, धर्माजीची नाही, स्वतःची.

आरडाओरडा ऐकून फोरमन नामाभाऊ आला. टाकी बघून त्यानं कपाळाला हात लावला आणि आधी धर्माजीलाच धरलं.

"ह्याचंच काम! काल हाच व्हता ना? बैलांच्या शिंगाला तेल लावणारे हे, यांना ब्रेकचं काय कळणार? आजच घरी घालवतो."

धर्माजी बोटाला लागलेलं खोबरेल पुसत होता. त्यानं करमअलीकडे बघितलंसुद्धा नाही. आपण एवढं गप्प राहिलं की झालं, असं करमअलीच्या मनात येऊन गेलं. कुणाला संशय येणार नव्हता. एका बैलगाडीवाल्याचं कोण ऐकतो?

"नामाभाऊ, तेल मी घातलं," तो म्हणाला.

"तुमी? चेष्टा करताव काय?"

"मला बाटली दिसली न्हाय. दीड वरीस झालं, मला दिसत न्हाय. डॉक्टरला तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवतो मी."

नामाभाऊ त्याला बाजूला घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "करमअलीभाई, कशाला बोभाटा? ब्रेकची लाइन धुवून घेतो, रबरं नवी घालतो. वहीत लिहू, बाटल्यांची अदलाबदल झाली. एक वरीस तर राहिलंय. ढकला की!"

"एक वरीस म्हणजे किती उतार, नामाभाऊ?"

"अवो, तुमी तर नुसते बाजूला बसून शिकवताव."

"आन या गाढवांचा पाय चुकला, तर ब्रेक कोन मारणार? मला समोरची म्हैस दिसत न्हाय!" करमअली जोरात बोलला. सगळ्या डेपोनं ऐकावं असाच बोलला. "वही आण इकडं. लिही. गाडी नादुरुस्त, ब्रेक. त्याच्याखाली लिही, ड्रायव्हर नादुरुस्त, डोळे. मी अंगठा देतो. आन धर्माजीच्या नावापुढं लिही, तपासणीत पास."

नामाभाऊ लिहीत असताना करमअलीनं खाकी कोट काढून घडी घातला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. धर्माजी जवळ येऊन उभा राहिला.

"उस्ताद, मी कालच बोललो असतो तर..."

"तर काल शिव्या खाल्ल्या असत्यास. म्होरं कुनी बाटली उचलली, तर आधी हात धर. मग तो उस्ताद असो न्हायतर त्याचा बाप."

पोयनाडला दुसरी गाडी सुटली. दादू नावाचा जुना ड्रायव्हर गाडीवर होता. करमअली खिंडीपलीकडच्या आपल्या घरी निघाला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो मागच्या दारानं चढला आणि मधल्या बाकावर बसला. शेजारी ठमाबाई नावाची एक भाजीवाली होती. तिनं आपली पाटी दोघांच्या पायांपुढं सरकवली.

खिंड चढून गाडी उताराला लागली. पहिल्या वळणावर करमअलीचा उजवा पाय आपोआप पुढं गेला आणि दाबला गेला.

"चाचा, पाय घ्या की मागं! वांगी हायेत पाटीत," ठमाबाई ओरडली. "चिरडताव सगली."

"माफ कर, बाय," करमअली म्हणाला.

त्यानं पाय मागं घेतला आणि दोन्ही हातांनी गुडघा घट्ट दाबून धरला. दादूनं गिअर बदलला. पुढचं वळण आलं, तेव्हा हातांखालचा पाय पुन्हा ब्रेक शोधत होता.