सातव्या रिसाल्याचा रंग

माझा धाकटा भाऊ सुनील बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे घोडेस्वार रंगवतो. नेपोलियनच्या फौजेतले. कशेळ्याच्या बाजारात हे कुणाला सांगायची सोय नाही. चाळिशी उलटली नि बाहुल्या खेळतो, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचे. डगल्यावरची नाडी पिवळी असेल तर तो सातवा रिसाला, म्हणजे घोडदळाची सातवी तुकडी, पांढरी असेल तर आठवा, आणि एवढ्याशा नाडीवरून तो मोबाइलवर परदेशातल्या माणसांशी भांडायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही वाटायचा.

खालापूरच्या कारखान्यात असताना त्याला टीबी झाला. नोकरी सुटली, लग्न झालंच नव्हतं, म्हणून माझ्याकडे राहायला आला. गोळ्यांनी खोकला कमी होत गेला. दिवसभर खिडकीशी बसून तो सातवा रिसाला रंगवायचा. हिरवा डगला, तांबडी विजार.

"ह्यो रिसाला पुरा झाला ना ताई, की मी बरा झालो असं समज," म्हणायचा. मीही तसंच धरून चालले होते.

रंग तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवतो. झाकणांवर इंग्रजीत काहीबाही कोरलेलं. एकदा ती झाकणं फारच बरबटलेली दिसली, म्हणून मी सगळी काढून पुसली आणि अंदाजपंचे परत लावली. लावून झाल्यावर कळलं, आता माझी धडगत नाही. एक बाटली इकडची तिकडे झाली तरी हा घर डोक्यावर घ्यायचा. मी भांडायच्या तयारीतच बसले.

भांडण झालंच नाही. दुपारी त्याने हसत नवा स्वार पुढे केला. "कसा झालाय?"

डगला तांबडा, विजार हिरवी. मला वाटलं, चेष्टा करतोय. "उलटा रंगवलास की रं!"

त्याचा चेहरा पडला. स्वार उजेडात धरून तो बघत राहिला. "झाकणं तू लावलीस?" एवढंच विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग हळूहळू सांगितलं. हिरवा नि तांबडा त्याला कधीपासून एकच मळकट रंग दिसत होता. तो झाकणं वाचून रंगवत होता. यातली एक गोळी डोळ्यांवर जाऊ शकते, फरक पडला तर लगेच या, असं गोळ्या देतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती. खोकला परत आला असता, मग रिसाला कोन पुरा करनार?"

"घोड्यांपायी डोळे घालवलेस मेल्या!" मी ओरडले. त्या दिवशी मी जेवले नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली. वेळेत यायला हवं होतं, म्हणाले. रंग परत दिसले तर दिसले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दिसले नाहीत.

"मी सांगते ना तुला रंग. माझे डोळे धड हायत," मी म्हटलं.

त्याने दोन बाटल्या समोर ठेवल्या. "ह्यातला सातव्याचा तांबडा कंचा?"

मी खिडकीत नेऊन पाहिल्या. "दोन्ही एकच तर हायत."

"नाय गं, दोन निराळे तांबडे हायत ते," तो म्हणाला. रागावलासुद्धा नाही.

रविवारी बाजार करून आले, तर अंगणात वर्तमानपत्रावर सगळा रिसाला मांडलेला. कोऱ्या स्वाराला रंगवण्याआधी तो काळ्या स्प्रेचा हात द्यायचा. तोच स्प्रे आता रंगवून झालेल्या स्वारांवर फिरत होता.

"अरं, हे बरोबर होते की!"

"कंचा बरोबर नि कंचा चुकला, मला दिसत नाय. चुकीच्या कपड्यांत उभं नाय करायचं त्यांना. काळा तरी दिसतो मला."

मी पिशवी टाकून शेजारी बसले. रडू आलं, ते येऊ दिलं. त्याने शेवटी स्प्रेचा डबा खाली ठेवला. "कुठं राहिलंय का, बघ गं ताई."

मी एकेक स्वार उचलून फिरवून पाहिला. एकाच्या काखेत हिरवा राहिला होता. फार सुरेख हिरवा होता.

"ह्याच्या काखंत," मी म्हटलं आणि त्याचं बोट धरून जागा दाखवली. त्याने तिथे स्प्रे मारला.