मामीची पेटी

टक्.

दुपारचं घर निपचित पडलं होतं. हौसाची सासू कमळाबाई ओटीवर पदर तोंडावर घेऊन झोपली होती, सहा वर्षांची गोदू तिच्या कुशीत, आणि सुपातले तांदूळ निवडता निवडता हौसालाही पेंग आली होती. तेवढ्यात हा आवाज. तिला वाटलं, पाल असेल. पुन्हा टक्. मग वाटलं, मागच्या दाराची कडी. हात थांबवून तिने कान दिला. आवाज खिडकीखालच्या बाकड्यावरून येत होता, माशाच्या पेटीतून.

उठून बघते तर मामी, पेटीतली मासोळी, वळत होती. एका टोकाला नाक काचेला लागे, टक्. मग पाठ दुमडून, शेपूट पोटाशी ओढून ती कशीबशी फिरे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा टक्. वळून झाल्यावरही पाठीचा बाक पुरता जात नव्हता.

"ही तर वाढली," हौसा पुटपुटली. "आन तो म्हनला होता, नाय वाढनार."

तो म्हणजे बळीराम, तिच्या नवऱ्याचा, काशीरामचा मावसभाऊ. पनवेलच्या बाजारात त्याचं तसबिरींना काच-चौकट बसवायचं दुकान. मुंबईला माशांचं मोठं काचघर झालं, लोक ते बघून आले आणि ज्याला त्याला घरात मासे हवेसे वाटू लागले, तसा हा गडी तसबिरींच्या जोडीला माशांच्या पेट्याही करू लागला. गोदू मुदतीच्या तापातून उठली तेव्हा पोरीची नुसती काडी झाली होती. बोलणंच विसरली होती. बळीरामाने पेटी आणून बाकड्यावर ठेवली. आत बोटाएवढा रुपेरी मासा.

"गोरामी हाय ही," तो म्हणाला.

गोदूने ऐकलं 'गोरी मामी'. तापानंतर पोरीच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो हाच, "मामी." तेव्हापासून आधी मामीला चार शितं, मग गोदूचा घास. मामीने नाही खाल्लं तर गोदूही तोंड फिरवायची. असा त्या माशाच्या शेपटीला पोरीचा जीव बांधलेला होता.

हौसाने तेव्हाच विचारलं होतं, "भावजी, मोठी झाली तर?"

"वैनी, मासा शाना असतो मानसापरीस. अंथरूण पाहून पाय पसरतो. पेटी केवढी, तेवढाच वाढनार. माज्या दुकानात एक हाय, तीन वर्सं झाली, तसूभर वाढली नाय. येऊन बघा."

हौसाला ते पटलं होतं. पाठवणीच्या वेळी तिच्या बापाने तिच्या कानात हीच म्हण सांगितली होती. अंगात मुरलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून आली, की माणूस ती पारखून घेत नाही.

आता मात्र तिने काचेवर वीत ठेवली. मामी वितीला पुरून वर तीन बोटं उरली. पेटीची रुंदी एक वीतही नव्हती.

संध्याकाळी काशीराम भाताच्या गिरणीतून आला, तसा तिने विषय काढला. तो अंगावरचा कोंडा झटकत म्हणाला, "हां, थोडी वाढली असंल. बळीराम येतोय उद्या. घेऊन जातो म्हनला दुकानात. चार दिस हवापालट करून आनतो, मग होते बरोबर."

"माशाला हवापालट?"

"त्यातलं तो जानतो."

"बरोबर होते म्हंजे काय होते? लहान होते?"

काशीरामाने तांब्या तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "तू ना, पोलीसपाटील व्हायची होतीस. चुकून बायको झालीस."

एरवी ती हसली असती. पण बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, पेटीकडेही बघत नव्हता. आणि तिला उगाचच आठवलं, गेल्या सणाला हा बळीरामाकडे जेवून आला होता आणि कसलं कालवण होतं म्हणून विचारलं तर नुसता "झकास" म्हणून कुशीवर वळला होता.

सकाळी देवाच्या तसबिरीची काच तडकल्याचं निमित्त करून ती गोदूला घेऊन बाजारात गेली. बळीराम कुठेतरी गेला होता. दुकानात त्याची बायको साळू बसली होती, भोळी, बोलघेवडी. दुकानातली ती नामांकित मामी दर्शनी पेटीत फिरत होती. बोटाएवढीच. खरंच तसूभर वाढली नव्हती.

गोदूने काचेला नाक लावलं. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, ही ती नाय."

"ती म्हंजे कुठली?"

"मागल्या टायमाला होती ती. तिचा कानाजवळचा पंख फाटला होता. हिचा नाय."

"जुळला असंल गो," साळू हसली. "पोरांची नजर!"

हौसा हसली नाही. तिची नजर भिंतीला टेकवलेल्या काचांवर गेली होती. सगळ्या एका मापाच्या, सत्यनारायणाच्या तसबिरीला लागतात तेवढ्या. आणि पेट्याही नेमक्या तेवढ्याच लांब, तेवढ्याच उंच. म्हणजे मासा केवढा वाढेल हे माशाकडे बघून कुणी ठरवलंच नव्हतं. दुकानात काच जेवढी पडून होती, तेवढं त्याचं अंथरूण.

"आज येनार ना तुमची?" साळूने विचारलं. "केवढी झाली?"

हौसाने हाताने माप दाखवलं.

"अगो बाई! मग काय, कालवनाला पुरंल. आमी गेल्या सनाला केली ती येवढी नव्हती. काटा जरा जास्ती, पन गोडी काय सांगू! काशीरामभावजी होते की जेवायला. सांगितलं नाय तुमाला?"

हौसाने हातातली पिशवी दुकानाच्या फळीवर टेकवली. "आन गिऱ्हाईक इचारतं तवा?"

"दुसरी बोटाएवढी टाकायची पेटीत. हवापालट झाली, म्हनायचं. लोकांना काय, तीच वाटते. उलट खूश होतात, बघा कशी वाढत नाय!" आणि मग साळूच्या ध्यानात आलं, समोर गिऱ्हाईकच उभं आहे. तिने पदराचं टोक दातात धरलं. "म्हंजे... तुमी घरचीच मानसं."

गोदू अजून काचेला नाक लावून उभी होती. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. परतताना, एरवी रस्त्यातल्या कुत्र्या-मांजराबद्दलही विचारणारी गोदू खाली मान घालून चालत होती, आणि हौसाला आता तिच्याही गप्प बसण्याचा संशय येऊ लागला होता.

घरी येताच हौसाने पदर खोचला. बादली भरली, ओला फडका हातात घेतला आणि मामीला पेटीतून उचललं. मामी धडपडली, हौसाच्या मनगटावर शेपटीचा सणसणीत फटका बसला. एवढी ताकद होती तर तिच्यात.

मागच्या अंगणात विहिरीशी कमळाबाई राख लावून भांडी घासत होती. "काय चाललंय गो?"

"विहिरीत सोडते."

"बळीराम येनार ना न्यायला?"

"येऊ दे. उतरून घेऊन जा म्हनावं."

सासू आता प्यायच्या पाण्याचं काढणार, शिवाशिवीचं काढणार, म्हणून हौसा कंबर कसून उभी राहिली. पण कमळाबाईने हातातलं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "सोड. किडं तरी खाईल पान्यातलं. आन तुज्या नवऱ्याला इचार, मामी गोड लागते का."

"तुमाला ठावं होतं?"

"त्या रात्री तोंडाला वास कसला आला, ते आईला कळत नाय होय? म्हटलं, खायची वस्तू, खाल्ली. मी काय बोलू? पन ही पोर तिच्या संगं जेवते, हे बी बघते मी."

तेवढ्यात बळीराम आलाच, हातात झाकणाचा डबा. बादली बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "वैनी, काय करता! विहिरीत गेली तर हातभर वाढंल ती, हाय का अंदाज?"

"वाढंल?" हौसा दोर हातात घेत म्हणाली. "का वो भावजी? मासा तर अंथरूण पाहून पाय पसरतो."

बळीराम डब्याचं झाकण उगाच घट्ट करत म्हणाला, "पेटी तरी परत द्या."

"न्या. तसबीर लावा तिच्यात."

कमळाबाई खुसखुसली. बळीराम घरात गेला, आणि रहाटाची करकर सुरू झाली. बादली पाण्याला टेकली, कलली. विहिरीत पाणी वरपर्यंत होतं, ऊन थेट आत उतरलं होतं, त्यामुळे सगळं लख्ख दिसत होतं. मामी आधी बादलीतून निघेचना. हौसाने दोराला हलका हिसका दिला, तशी ती सुळकन बाहेर पडली.

गोदूने कठड्यावर हनुवटी टेकली. हौसाने तिचा झगा मुठीत धरला होता.

मामी हातभर पुढे गेली. थांबली. पाठ दुमडली, शेपूट पोटाशी ओढलं, वळली. हातभर मागे आली. पुन्हा पाठ दुमडली. पुन्हा वळली. सगळी विहीर रिकामी पडली होती, आणि ती मधोमध तेवढ्याच तेवढ्या जागेत पुढे जात होती, मागे येत होती.

हौसाला वाटलं, आता जाईल. आता पुढे जाईल. दोर तिच्या हातात तसाच राहिला.

विहिरीतून नजर न काढता गोदूने विचारलं, "आई, आता काच नाय, हे मामीला कोन सांगनार?"