उजव्या बाजूची बाटली

मित्रांनो, माझा एक कोपरा उडालेला आहे. मी आईचं दूध वाहून नेणारी जुनी शीतपेटी. त्या दुधाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेला बाळंतिणी थोडं थोडं दूध दान करत आणि मी ते बर्फाच्या लाद्यांमध्ये सांभाळून नेत असे. “हिच्यातलं दूध कधी नासत नाही,” असं नमुने गोळा करणाऱ्या परिचारिकाबाई म्हणाल्या की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

प्रत्येक आईने दोन बाटल्या द्यायच्या, डाव्या आणि उजव्या बाजूची. तिसऱ्या मजल्यावरची एक आई मात्र तीन आठवडे उजवी बाटली रिकामीच देत होती. शिस्तीच्या बाईंनी तिला दारातच फैलावर घेतलं. तिचा नवरा शेजारीच उभा होता.

“असं अर्धवट चालत नाही गं. उजवीकडचं का देत नाहीस?”

तिने पदर छातीवर ओढून घेतला. “आळशी आहे ती,” नवरा हसून म्हणाला. “पुढच्या वेळी मिळेल. मी बघतो.”

किती समजूतदार माणूस, असं आम्हा दोघींना वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात उजवी बाटली भरलेली होती. दूध लालसर होतं. बाईंनी आईकडे पाहिलं. तिचा ओठ फाटला होता, गळ्याखाली उजव्या बाजूला बुटाच्या टाचेचा काळपट वण होता.

“लाथ जुनी आहे, ताई,” ती पुटपुटली. “दूध काल ह्यांनीच पिळून काढलं.”

ते आतल्या खोलीत नवऱ्याला ऐकू गेलं. त्याने येऊन तिचं डोकं चौकटीवर आपटलं आणि पाळण्यातल्या बाळाची तंगडी धरली. बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं. बर्फाने मी चांगलीच जड होते. त्याच्या मनगटावर आदळले तेव्हा हाड मोडल्याचं मला कळलं, बाळाची तंगडी सुटली. त्याने मला लाथेने जिन्यावर भिरकावलं. माझा कोपरा फुटला, पाच घरांचं दूध पायऱ्यांवरून वाहिलं. त्यातूनच बाळाला छातीशी धरून ती अनवाणी खाली धावली. मागे बाईंनी बाहेरून कडी घातली.

आई आणि बाळ वाचली. मी अडगळीत गेले. वस्तू जपून वापरा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण ते राहू द्या. मित्रांनो, कुणाला ठरलेलं काही देता आलं नाही, तर रागावू नका. काय झालं, ते विचारा. आणि विचारण्याआधी तिच्या शेजारी कोण उभं आहे, तेवढं बघा.