जवायाची ब्लाइंड

सासऱ्याच्या घराची पायरी काही फार उंच नव्हती. पण शालिकराम ती चढला की त्याचे हात कापायला लागत, ते परत खाली उतरेपर्यंत थांबत नसत. खाप्याला बसस्टँडासमोर त्याचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनी, भिंतीला टांगलेले शर्ट, आणि हात असा स्थिर की सुईत दोरा एका फटक्यात ओवायचा. तोच हात इथं नागपुरात जुनी शुक्रवारी वस्तीत सासऱ्यापुढे, म्हणजे वामनरावांपुढे, चहाचा कप धरायचा, तर बशी वाजायची. "खुळखुळा आला," असं वामनराव चारचौघांत म्हणत, आणि चारचौघं हसत. आता ह्या माणसाला कोण काय शिकवणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

लग्न झालं तेव्हा दोन्ही घरं तोलामोलाची होती. वामनराव तेव्हा स्वतःच संत्र्याची हातगाडी ढकलत. मग अडतीत त्यांचा जम बसला, घरावर माडी चढली, दारात जीप आली, आणि शिलाई करणारा जवाई डोळ्यांत खुपायला लागला. नागपंचमीला माहेरी आलेली लेक गोपिका त्यांनी ठेवूनच घेतली. शालिकराम दोनदा न्यायला येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला, पोहे मिळाले, "पुढच्या हप्त्यात पाहू" मिळालं, फक्त बायको मिळाली नाही. वामनरावांच्या मनात काय होतं ते उघडच होतं. जवायानं दुकान विकावं, अडतीवर येऊन बसावं, आणि घरजवाई होऊन खालमानेनं राहावं. तिकडे खाप्यात विहिरीवर कुजबुज सुरू झाली होती की शालिकची बायको सुटली म्हणते. तेव्हा ह्या वेळी तिला घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं तो बसमध्ये रस्ताभर घोकत आला होता.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. सकाळीच मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक ह्या रस्त्यानं गेली होती. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडून पोट्ट्यांचे घसे बसले होते. गर्दीच्या कडेला उभं राहून शालिकरामानंही हात जोडले, आणि माझी भीतीही घेऊन जा बाई, असं मनात म्हणाला. मारबतीला तेवढ्या गलक्यात ते काही ऐकू गेलं नसावं.

दुपारी तो एकदाचा पायरी चढला तेव्हा वामनराव समोरच्या खोलीत सतरंजीवर पत्ते पिसत बसले होते. पोळ्याच्या ह्या दोन दिवसांत पत्ते खेळायची आपल्याकडे मुभाच असते. एरवी देवळात दिसणारी माणसंही तीन पत्तीला बसतात. त्यांच्याजवळ शेजारचे भैयाजी होते. घरात पैशानं खेळायचं नाही असा इंदूबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दंडक होता, म्हणून मधे चिंचोक्यांची टोपली ठेवली होती.

"मामाजी, मी गोपिकेले..." शालिकरामानं उभ्याउभ्या सुरुवात केली.

"बसा ना जवाईबापू. सणाच्या दिवशी उभ्यानं बोलते का कोणी?"

झालं. तो बसला. घोकलेलं वाक्य अर्धंच राहिलं. न्यायला आलो, एवढंच तर म्हणायचं होतं. पण वामनराव डोळे रोखून पाहत होते. आतल्या दारात बांगड्या वाजल्या. गोपिका चौकटीला टेकून उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आता बोला ना, अशा नजरेनं. त्यानं मान खाली घातली.

वामनरावांना हे सगळं दिसत होतं. माणूस बाजारात उगाच मोठा होत नाही. समोरच्याचं बोट हललं तरी त्यांना त्याच्या मनातला भाव कळायचा.

"मले माहीत आहे तुम्ही कायले आले ते," ते म्हणाले. "रोजरोजची कटकट नको. एक डाव खेळू. जिंकले, तं आजच्या आज घेऊन जा पोरीले, मी तोंडातून शब्द काढणार नाही. हरले, तं दुकान इकाचं आन् दिवाळीपासून अडतीवर याचं. भैयाजी, तुम्ही साक्षीदार."

असल्या वेळी शहाणा माणूस उठून जातो. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. पण शालिकरामाला उलट जरा बरंच वाटलं. पत्ते बोलतील, आपल्याला बोलावं लागणार नाही. मान डोलावून तो "हाव" म्हणाला. दारातली बांगडी पुन्हा वाजली, आणि मग वाजायची थांबली.

भैयाजींनी दोघांपुढे चिंचोक्यांचे सारखे ढीग केले आणि तीनतीन पत्ते वाटले. तीन पत्ते समोर पालथे पडले, आणि शालिकरामाच्या छातीत मशिनीचा पाय सुरू झाला. गुडघा आपोआप उडायला लागला, तो त्यानं कोपरानं दाबून धरला. आता पत्ते उचलायचे. त्यानं उजवा हात पुढे केला आणि पाहिलं, तर बोटं अशी थरथरत होती की पत्ते उचलले असते तर तिन्ही सतरंजीवर सांडले असते. वामनराव मिशीत हसायच्या तयारीतच होते. खुळखुळा हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला त्याला दिसला.

त्यानं हात तिथेच सतरंजीवर टेकवला. उचललाच नाही. मशिनीवर कापड सरकवताना तळहात सपाट ठेवतात, तसा ठेवून त्यानं दोन चिंचोके पुढे ढकलले.

"ब्लाइंड," तो म्हणाला. आवाज कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ब्लाइंड म्हणजे आपले पत्ते न पाहता खेळणं. भैयाजींच्या भुवया वर गेल्या. वामनरावांनी आपले पत्ते उचलून पाहिले, छातीशी धरले, आणि समाधानानं चार चिंचोके टाकले. पाहून खेळणाऱ्याला दुप्पट टाकावे लागतात, हा तीन पत्तीचा कायदाच आहे.

"ब्लाइंड," शालिकराम पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा ढकलले. ह्या वेळी जास्त, कारण मोजायला बोटं उचलावी लागली असती.

वामनरावांना दुप्पट टाकणं भाग पडलं. त्यांचा ढीग झपाट्यानं उतरायला लागला. आणि पाच-सहा फेऱ्यांनी त्यांच्या लक्षात आलं की ते अडकले आहेत. पत्ते पाहिलेल्याला ब्लाइंडवाल्याकडे शो मागता येत नाही. एक तर टाकत राहा, नाही तर पत्ते खाली ठेवून पॅक व्हा. शो मागायचा हक्क होता तो एकट्या जवायाला.

"मागता का शो?" भैयाजींनी विचारलं.

शालिकरामाला मागायचा होता. देवाशपथ मागायचा होता, हे एकदाचं संपावं म्हणून. पण शो म्हणजे पत्ते उलटणार, आणि उलटले की कळणार. काय निघेल ते त्याला पाहायचंच नव्हतं. हरलो तर? हरलो तर पाचची खाप्याची गाडी आहे. एकट्याला जागा मिळून जाते. हा विचार त्याच्या मनात आला, आणि खोटं कशाला बोला, त्या विचारानं त्याला थोडा धीरही आला. त्यानं मान हलवली. नाही.

"बापा, काय कलेजा आहे," भैयाजी पुटपुटले.

कलेजा कसला! दगड झाला होता माणसाचा. पापणी लवत नव्हती, कारण लवायचीच विसरली होती. पण समोरून ते काही वेगळंच दिसत होतं. वामनरावांनी एवढ्या वर्षांत ज्याचा चेहरा पाटीसारखा वाचला, तो चेहरा आज कोरा होता. त्यांनी आपले पत्ते पुन्हा पाहिले. मघाशी चांगले वाटलेले पत्ते आता त्यांना किरकोळ वाटायला लागले. मिशीवर घामाचा थेंब आला. शेवटची मूठ उचलली तेव्हा त्यांच्या बोटांतून दोन चिंचोके निसटून सतरंजीवर घरंगळले, आणि ते खोलीतल्या सगळ्यांनी पाहिले.

"अजून घ्या ना टोपलीतून," भैयाजी म्हणाले.

"उसने घेऊन खेळाचं नाही. माझाच कायदा आहे," वामनराव म्हणाले. बराच वेळ ते जवायाच्या पालथ्या पत्त्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातले पत्ते खाली टाकले. "पॅक. घेऊन जा पोरीले."

शालिकरामाचा श्वास सुटला. डोळ्यांत पाणी आलं, अंग हलकं झालं, आणि कधी नव्हे ते त्याला त्या घरात मोठ्यानं हसावंसं वाटलं. भैयाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचे पत्ते उलटायला हात पुढे केला.

"राहू द्या ते," गोपिका म्हणाली.

ती दारातून आत आली होती. खाली बसून तिनं नवऱ्याचे पत्ते उचलले, बापाचे उचलले, आणि कोणाला काही दिसायच्या आत गड्डीत मिसळून टाकले. तिच्या मागं चौकटीपाशी तिची पत्र्याची पेटी दिसत होती, कुलूप लावलेली.

"पेटी सकाळीच भरली मी. मायले इचारा," ती म्हणाली. "म्हटलं, आज हे येतीन आन् चाल म्हणतीन, तं कोणाच्या बापाचं आयकाचं नाही." मग तिनं शालिकरामाकडे पाहिलं. "आन् हरले असते तं?"

त्यानं नजर गड्डीकडे वळवली.

"एकटेच गेले असते ना? पाचच्या गाडीनं?"

तिला कसं कळलं कोण जाणे. बायकोला कळतं. शालिकरामाचं मघाशी हलकं झालेलं अंग पुन्हा जड झालं. आणि ही भीती आधीच्या भीतीसारखी नव्हती. सासऱ्याची भीती काय, पायरी उतरली की संपायची.

"गोपे, जिंकले ना ते," इंदूबाई आतून म्हणाल्या. "आता काहून उकरून काढतं वं?"

"जिंकले, माय. बाबा हरले आन् हे जिंकले. बाबानं मले डावावर लावलं, ह्यांनी लावू देलं. मले न्यायले कोणी आलंच नाही. हे तं पत्ते खेळाले आले होते."

वामनराव काही बोलायला गेले, पण लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते चिंचोके गोळा करायला लागले. जीप दारात असलेला माणूस खाली मान घालून चिंचोके वेचत होता. शालिकरामानं हे पाहिलं, आणि त्यात त्याला काही आनंद झाला नाही.

तो उठला. उठताना हात सतरंजीवरून सुटले आणि सगळ्यांसमोर कापायला लागले, मघापासून दाबून ठेवलेले सगळे मिळून. त्यानं ते मागे नेले नाहीत. खिशातही घातले नाहीत.

"गोपिका," तो म्हणाला. आवाजही कापत होता. "मी तुले न्यायले आलो. दुकान इकणार नाही मी. तू येतं का?"

तिनं उत्तर दिलं नाही. रस्त्यावरून उरलीसुरली पोट्टी डबा बडवत गेली. पत्त्यांच्या डावात एवढी भीती त्याला एकदाही वाटली नव्हती. इथं ब्लाइंड म्हणता येत नव्हतं. ती त्याच्या हातांकडे पाहत होती, आणि तो तिला पाहू देत होता.

मग ती वळली, आणि पेटी पायानं त्याच्याकडे सरकवली.

"जड आहे," ती म्हणाली. "दोन्ही हातानं धरा."